जालन्याचा मे महिना आणि नवा फोन

नवा फोन घेताना आपण काय बघतो? कॅमेरा, रॅम आणि महिन्याचा हप्ता. मला गॅजेट्सचा नाद, त्यामुळे रिव्ह्यू भरपूर बघतो. पण ते बहुतेक एसी खोलीत होतात. आपला फोन मात्र मोंढ्यात, बाईकच्या होल्डरवर, पत्र्याखाली चालतो.

अ‍ॅपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान योग्य सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे! लिथियम-आयन बॅटरी तापलेली आणि वर फुल चार्ज राहिली, की तिची क्षमता कायमची घटते. म्हणूनच गरम फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो. दरवेळी चार्जर खराब नसतो.

आमच्या काकांचा मोसंबीचा सगळा व्यवहार फोनवर. भर दुपारी तो बंद पडला तर सौदाच अडतो. त्यांना तीन गोष्टी सांगितल्यात: चार्जिंग पहाटे करा, कव्हर काढून. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू करा. तापलेला फोन सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये नाही. आत ओल धरते.

हप्ते फिटायच्या आधी बॅटरी संपायला नको ना राव! भेटू पुढच्या भागात.