विमा मंडळाचा, नुकसान आपल्या वावराचं



ओढ्याकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, "विमा तर भरलाय, आता किती मिळणार?" त्याचं उत्तर महसूल मंडळाच्या सरासरीत असतं. हे गणित हप्ता भरण्याआधीच समजून घ्यावं, म्हणून आज त्याविषयी बोलू.

आपल्याकडे पिकाचा विमा क्षेत्र धरून काढतात. ही कल्पना पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी हिरिरीने मांडली आणि १९७९ पासून तिचे प्रयोग सुरू झाले. प्रत्येकाच्या वावरात जाऊन नुकसान मोजायला माणसं कुठून आणायची, हा त्यामागचा व्यवहार. २०१६ साली आलेली प्रधानमंत्री पीक विमा योजनाही मुख्यतः याच पायावर उभी आहे.

आता हिशेब पाहा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन मंडळाची सरासरी काढतात. तिचे ठरलेले टक्के, म्हणजे उदाहरणार्थ ७० टक्के, हे उंबरठा उत्पादन. समजा, ते हेक्टरी १० क्विंटल आलं आणि पीक कापणी प्रयोगांवरून यंदाची सरासरी ७ क्विंटल निघाली. तूट झाली ३ क्विंटलची, म्हणजे ३० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर भरपाई १५,००० रुपये. तुम्हाला दोनच क्विंटल झालं असलं तरी १५,०००, आणि माळावरच्या शेजाऱ्याला बारा क्विंटल झालं असलं तरी त्यालाही १५,०००! उलट मंडळाची सरासरी ११ क्विंटल आली, तर तुमचं वावर खरडून गेलं असलं तरी या हिशेबाने हाती काही येत नाही.

पूर्वी गारपीट, पूर किंवा काढून ठेवलेल्या पिकाचं नुकसान झालं, तर ७२ तासांत कळवून स्वतःच्या शेतापुरती भरपाई मागता येत असे. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून ही जोड संरक्षणं काढून टाकली गेली. २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयाचा विमाही तेव्हाच बंद झाला. खरिपाच्या धान्य-गळिताला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के हप्ता, हे केंद्राच्या योजनेतले दर. म्हणजे वरच्या उदाहरणात हेक्टरी हजार रुपये. नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा यंदा कशाकशाची जोखीम घेतली आहे, हे भरण्यापूर्वी कृषी सहायकाला विचाराच.

माझ्या मते विमा जरूर काढावा. सगळं मंडळ कोरडं पडलं, तर त्याचाच आधार. पण पावती मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. विम्यात सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत तूर, असं झालं की अर्ज अडकतो. गावात कापणी प्रयोग असेल, तर चार जणांनी तिथं उभं राहावं, वजन डोळ्यांनी पाहावं. अशा मोजक्या तुकड्यांवर साऱ्या मंडळाचा हिशेब चढतो. काही पिकांना उपग्रहावरून केलेला अंदाजही धरतात, पण म्हणून कापणीकडे पाठ फिरवू नये.

एकट्या वावराची जोखीम मात्र आपल्यालाच सांभाळायची आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीत बी, खत आणि मजुरी तिन्ही जातात. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी ठेवा. सोयाबीन बसलं तरी तूर पुढे उभी राहते. पाणी साचणाऱ्या रानात रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे जादा पाणी सरीतून निघून जाईल आणि उघडिपीत तिथंच ओल धरून राहील.

आणखी एक अडचण आहे. विम्याचा पैसा सुगीनंतर, सरासरी ठरल्यावर येतो. हरभऱ्याचं बी तर दसऱ्याच्या आसपासच लागतं. म्हणून गेल्या हंगामाच्या राशीतून हरभऱ्याचं बी बाजूला काढून कोरड्या जागी ठेवा, आणि पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहून घ्या.