वारा कुठून येतोय?

(केज येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कॅमेरा दिसला की लोक आधी लेन्सची किंमत विचारतात. मला वाटतं, उडत्या पाखराचा फोटो काढायला निघालेल्यानं आधी मूठभर माती उडवून वारा कुठून येतोय ते बघावं. पक्षी शक्यतो वाऱ्याला सामोरा उडतो आणि उतरतोही वाऱ्याला सामोराच. समोरची हवा पंखांवरून वाहायला लागली की कमी धावेत उचल मिळते. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर समोरचा पक्षी तुमच्याकडे तोंड करून उठणार.

आता ऊनही पाठीवरच हवं. हिवाळ्यात आपल्याकडचा वारा बहुतेक पूर्वेचा नाहीतर ईशान्येचा, आणि सकाळचं ऊनही त्याच अंगानं. म्हणून या दिवसांतली सकाळ सोडायची नाही. जूनपासून वारा पश्चिमेचा होतो. तेव्हा सकाळी ऊन पाठीशी घेतलंत तर सगळी पाखरं पाठ दाखवून जातात. मग संध्याकाळ धरावी, ढगांनी उघडीप दिली तर. पाठमोऱ्या पक्ष्यांचे हजारो सुरेख, स्पष्ट फोटो आज लोकांच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप पकडतात हे खरं, पण उभं कुठं राहायचं ते अजून आपल्यालाच ठरवावं लागतं.

धनेगावचं मांजरा धरण आपल्याच तालुक्यातलं, पण त्याची एक अडचण आहे. आपला काठ उत्तरेचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे आपल्या बाजूनं दुपारी पाण्याकडे पाहिलं की ऊन डोळ्यांत येतं आणि बदकं नुसती काळी दिसतात. पलीकडे कळंबच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते ऊन पाठीशी मिळतं. त्यावरून भांडण नको! बॅकवॉटरचा एखादा फाटा असा शोधा, जिथं पाणी तुमच्या पश्चिमेला पडतं. जागा दर वर्षी नव्यानं शोधावी लागते. 2016च्या एप्रिलमध्ये धरण आटलेलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. इतकं टोकाचं नसलं तरी पाणी दर वर्षी कमी-जास्त मागं हटतं, मागं गाळपेर होते, आणि गेल्या हिवाळ्यात जिथं बदकं टिपली तिथं यंदा हरभरा उभा असतो.

आता पाखराच्या मनात काय आहे ते कसं ओळखायचं? वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा चांदवा, उडण्याआधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो. कॅमेरा उचलायला तेवढा वेळ पुरतो. तलवार बदक तशी सवड देत नाही, ते पाण्यातून सरळ वर उसळतं. त्यांच्या माना ताठ झाल्या, थव्याचं खाणं थांबलं, की बोट बटणावर हवं. खांबावर बसलेला शिकारी पक्षी उडण्याआधी बहुधा शीट टाकतो, अंग झुकवतो. कापशी शेतावर वाऱ्याकडे तोंड करून एका जागी पंख मारत थांबते, थोडी खाली येते, पुन्हा थांबते. उंदीर पक्का झाला की पंख वर धरून खाली जाते. हे तिचं टप्प्याटप्प्यानं उतरणं ओळखलं की फोटो चुकणं अवघड. कवड्या खंड्या पाण्यावर हेच करतो, पण शेवटी चोच खाली करून दगडासारखा पडतो.

पण या तालुक्यात सगळ्यात जास्त पाहण्यासारख्या आहेत त्या भोरड्या. मध्य आशियात त्यांची वीण होते, पावसाळ्यातच त्या आपल्याकडे यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करतात. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या माणसाला त्यांच्याविषयी मी काय सांगणार? जमिनीवर चरणारा थवा कसा पुढं सरकतो हे त्यानं हजारदा पाहिलेलं असतं. मागच्या भोरड्या उठतात, पुढच्यांच्या डोक्यावरून जातात आणि सगळ्यांच्या पुढं उतरतात. मग त्यांच्या मागच्या उठतात. अख्खा थवा लोळत आल्यासारखा दिसतो. फोटो काढणारा बहुतेक थव्याच्या मागं धावतो आणि त्याला शेपट्या मिळतात. थवा जिकडं लोळतोय तिकडं आधीच जाऊन बांधाआड बसावं, भोरड्या चालत्या पायी तुमच्यापर्यंत येतात. संध्याकाळी त्या बाभळींत किंवा उसात मुक्कामाला जमतात तेव्हा एकेक पाखरू टिपायचा हट्ट सोडावा. सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका संथ शटर ठेवला तर थव्याची लाट फोटोत उतरते. ससाणा आला की थवा एकदम आवळतो. त्या क्षणी नजर ससाण्यावर नको, थव्याच्या कडेवर हवी.

दगड मारून थवा उठवणारे लोकही काठावर भेटतात. पट्टकादंबासारखा हंस हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या आसपास उडताना त्याची नोंद झालेली आहे. त्याला विश्रांतीच्या वेळी उगाच पळवणं क्रूरपणाच आहे. शिवाय फोटोही वाईट येतो, कारण घाबरलेलं पाखरू तुमच्यापासून दूरच जाणार.

एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं 1882 साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. सेकंदाला बारा चित्रं. पंख नेमका कसा हलतो, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. फोटो हे त्याचं साधन होतं. आज आपला प्रवास उलटा झालाय, आणि त्यात मला थोडं नुकसान दिसतं.

समोरच्या बाकावरच्या मुलांच्या मनातला प्रश्न मला कळतोय: मोबाइलवर जमेल का? लांबचं बदक नाही जमणार. वेडा राघू जमेल. तो तारेवरून उडतो, हवेतच किडा धरतो आणि बहुतेक वेळा त्याच जागेवर परत येतो. त्याचा साधा फोटो घ्यायचा तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो. मोठ्या बगळ्याला हजारावा भाग पुरतो. पण तुमच्या मोबाइलचा स्लो मोशन सेकंदाला 120, कित्येकांत 240 चित्रं घेतो, म्हणजे मारेच्या बंदुकीच्या दहापट-वीसपट. कुंपणाची तार बुटकी असते, तीच निवडा. मोबाइल दगडाला टेकवून तारेच्या त्या जागेकडे लावून ठेवा आणि तुम्ही बाजूला जाऊन बसा. राघूच्या मागं फिरवू नका.