रक्तक्षय, ‘ड’ जीवनसत्त्व आणि श्रमिक स्त्री

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



देशातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, ही गोष्ट आता कोणालाच धक्कादायक वाटत नाही. आणि खरा धक्का हाच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४ टक्के झाले. याच वयाच्या पुरुषांत देशभरात ते २५ टक्के होते. रक्तक्षय रोखण्यासाठी लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा आहे. अर्धशतकानंतरचा हा हिशेब कोणत्याही राज्यकर्त्याला भूषणावह नाही.

अलीकडे या प्रश्नाच्या चर्चेत ‘ड’ जीवनसत्त्वाचे नाव येऊ लागले आहे. अनेक देशांतील पाहण्यांत, ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी त्यांच्यात रक्तक्षयही अधिक, असे दिसून आले. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरणही पुढे आले आहे. आपले यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरात संसर्ग वा दाह असला की ते वाढते. मग आतड्यातून रक्तात लोह उतरण्याची आणि साठ्यातील लोह बाहेर पडण्याची, अशा दोन्ही वाटा रोखल्या जातात. ‘ड’ जीवनसत्त्व या हेप्सिडिनला आवर घालते, असे काही प्रयोगांत आढळले.

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व देऊन हिमोग्लोबिन वाढते काय, हे तपासणाऱ्या चाचण्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. एकत्रित विचार केला असता स्पष्ट वाढ सिद्ध झालेली नाही. तेव्हा लोहाच्या गोळीची जागा ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी घेऊ शकत नाही. नव्या औषधाच्या जाहिरातीने कार्यकर्त्यांनी भुलून जाऊ नये.

मग या दोन उणिवा एकाच स्त्रीच्या देहात का भेटतात? सोलापूरची विडी कामगार स्त्री पाहा. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, म्हणून भर दुपारच्या उन्हाच्या वेळीही ती छपराखाली मान मोडून बसते. ‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हाने त्वचेत तयार होते. ते ऊन तिला मिळत नाही. अंडी, मासे, डाळ, पालेभाजी ताटात क्वचित येतात, आणि आल्यास ती शेवटी जेवते. येथे दोन्ही उणिवांचे मूळ एकच आहे.

आता बीडहून ऊसतोडीला जाणारी स्त्री पाहा. ऊन तिच्या वाट्याला भरपूर आहे, तरी तेवढ्याने रक्त भरत नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तिच्या श्रमाचा वेगळा हिशेब नाही, मजुरी आगाऊ घेतलेल्या उचलीत वळती होते. पाळीत रक्त जाते, बाळंतपणे होतात, उघड्यावरच्या मातीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात, आणि विश्रांती नसते. ऊन निसर्ग फुकट देतो. पोटभर सकस अन्न आणि सवड समाजव्यवस्था देत नाही.

म्हणून रक्तक्षय हा वैद्यकाचा प्रश्न आहेच, पण तो मजुरीचा, रेशनचा आणि घरातल्या ताटाचाही प्रश्न आहे. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. हे तत्त्व उसाच्या फडापर्यंत आणि विडीच्या वस्तीपर्यंत नेण्याची मागणी आपण केली पाहिजे. रेशनवर डाळ, तळावर शौचालय, स्त्रीच्या नावे स्वतंत्र मजुरी, या मागण्या आरोग्याच्याच मागण्या आहेत.

तोवर कार्यकर्त्यांच्या हाती काही लहान कामे आहेत. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या शिल्लक आहेत काय, हिमोग्लोबिन खरोखर तपासले जाते काय, हे विचारावे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू वा आवळा खाल्ल्यास लोह अधिक शोषले जाते, हे घरोघर सांगावे. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर त्या बाईला ‘गोळ्या खात नाही’ म्हणून दोष न देता डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे.

रक्ताची कमतरता हा स्त्रीचा स्वभावधर्म नाही. तो तिच्यावर लादलेला कर आहे, आणि तो रद्द करता येतो.