कलमांचा करार : ‘आंबा निघाल्यावर पैसे’ म्हणजे नेमके केव्हा?



मोहोर, तुडतुडे आणि साका यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात अनेकजण, विशेषतः नोकरीनिमित्त मुंबईला राहणारे, आपली हापूसची कलमे हंगामापुरती व्यापाऱ्याला कराराने देतात. करारातील रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोनदा तपासली जाते. ती केव्हा द्यायची, हे वाक्य मात्र घाईत उरकले जाते, आणि भांडण पुष्कळदा तेथेच सुरू होते.

समजा, करारात असे लिहिले आहे : “निम्मी रक्कम आज रोख दिली. उर्वरित रक्कम आंबा निघाल्यावर देण्यात येईल.” मालकाला वाटते, पहिली पेटी निघाली की पैसे. व्यापारी म्हणतो, शेवटचे फळ उतरले की पैसे. मराठीत दोन्ही अर्थ बसतात. पहिली काढणी मार्चमध्ये, तर कॅनिंगचा आंबा पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक अंतर पडले. शिवाय एकदा आंबा उतरून गेला की मालकाच्या हाती फक्त पाने राहतात, तगादा लावण्यापलीकडे काही उरत नाही. “पट्टी आल्यावर” हे तर याहून वाईट, कारण पट्टी येते व्यापाऱ्याच्या हातात. ती आली की नाही, हे आपल्याला तोच सांगणार!

आपल्या बोलण्यातले आणखी काही शब्द पाहा. “मे पर्यंत” म्हणजे एप्रिलअखेर की मेअखेर? “१५ मे पर्यंत” म्हटले तर १५ तारीख धरली जाते, “१५ मे पूर्वी” म्हटले तर १४ तारखेलाच मुदत संपते. “दहा दिवसांत” आणि “दहा दिवसांनी” यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण दुसऱ्यात शेवटची तारीखच नाही. आपण सोमवार ते सोमवार याला “आठ दिवस” म्हणतो, मोजले तर ते सातच भरतात. “अक्षय्य तृतीयेला” असे लिहिणारेही आहेत. हा सण २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली १० मे रोजी आणि २०२५ साली ३० एप्रिलला आला. पंचांगाविषयी आदर ठेवूनही करारात इंग्रजी तारीखच लिहावी.

“करारापासून १५ दिवसांत” असे असेल तर मोजणी कशी करावी? सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मधील नियमानुसार “पासून” म्हटलेला पहिला दिवस सोडतात व शेवटचा धरतात. तो अधिनियम कायद्यांच्या भाषेसाठी आहे, तरी करार वाचतानाही सामान्यतः हीच रीत वापरतात. म्हणजे १ एप्रिलला सही झाली तर शेवटचा दिवस १६ एप्रिल. मात्र “पासून” कशापासून, सहीपासून की पहिल्या काढणीपासून, हे लिहिलेले हवे.

मुदतच लिहिली नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४६ प्रमाणे “वाजवी वेळेत” करार पाळायचा असतो. वाजवी वेळ कोणती, हे परिस्थितीवर ठरते, म्हणजे वाद पुन्हा आलाच. देशावरील ऊस उत्पादकाला थोडा आधार आहे. वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो. कलमांच्या करारात मात्र मुदत आपली आपणच लिहायची असते. ती पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

“उर्वरित रक्कम दिनांक २० एप्रिल रोजी किंवा तत्पूर्वी मालकाच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे. त्या दिवशी बँक बंद असल्यास आधीच्या कामकाजाच्या दिवशी जमा करावी. मुदत ही या कराराची मुख्य अट आहे. रक्कम जमा न झाल्यास पुढील काढणी थांबविण्याचा मालकास अधिकार राहील.”

येथे तारखेपुढे वर्षही घालावे. तारीख अशी निवडावी की त्या वेळी बराचसा आंबा अजून झाडावर असेल. ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. “जमा” हा शब्दही मुद्दाम घातला आहे, कारण २० तारखेला धनादेश हाती दिला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. सुटीचे वाक्य गाळू नका. १ मे ही मुदत ठेवलीत तर त्या दिवशी महाराष्ट्र दिनामुळे बँका बंद असतात.

पैसे उशिरा आले तर? आपण भिडेपोटी मुकाट्याने घेतो. मुदत ही मुख्य अट असताना उशिराचे पैसे काही न बोलता स्वीकारले, तर कलम ५५ प्रमाणे उशिराबद्दलची भरपाई नंतर मागता येत नाही. ती हवी असल्यास पैसे घेतानाच तसे कळवावे लागते. दोन ओळींचे पत्र द्या व प्रतीवर पोच घ्या.

रक्कम थकलीच तर सामान्यतः देय तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. “पुढच्या हंगामात बघू” असे तोंडी आश्वासन मिळाल्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी व्यापाऱ्याने येणे रक्कम सहीनिशी लेखी मान्य केली, तर त्या तारखेपासून नव्याने मोजणी सुरू होते.

यंदाचा करार झाला असेल तर घरी गेल्यावर तो काढून पैशाचे वाक्य एकदा मोठ्याने वाचा. त्याचे दोन अर्थ निघत असतील तर मोहोर फुटण्यापूर्वीच दोघांच्या सहीने पुरवणी कागद करून घ्या, आणि रक्कम मोठी असल्यास तो आधी वकिलाला दाखवा.