शहराचा कारभार आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



‘स्मार्ट सिटी’ योजना केंद्र सरकारने 25 जून 2015 रोजी शंभर शहरांसाठी सुरू केली. 31 मार्च 2025 रोजी तिची मुदत संपली. पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या विणकरांचे, कामगारांचे हे शहर. रस्ते झाले, दिवे लागले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच वर्षांत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होते आणि उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या जलवाहिनीचे काम रखडत होते. पाण्याच्या दिवशी घरातले कोण शाळा बुडवते, हे भगिनींना मी सांगायला नको.

या योजनेसाठी प्रत्येक शहरात स्वतंत्र कंपनी निघाली. राज्य सरकार आणि महापालिका यांचा तिच्यात निम्मा-निम्मा वाटा. कंपनीला संचालक असतात, मतदार नसतात. त्यातच सोलापूर महापालिकेची मुदत 2022 साली संपली आणि 2025 सरेपर्यंत निवडणूक झाली नाही. नगरसेवकाला आपण नावे ठेवतो खरे, पण रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावता येते असा कारभारी तोच एक!

1 जून 1993 पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. तिची बैठक पाहिलेल्या पालकांनी हात वर करावेत. (दोन हात वर झाले.)

एका शहरात, नाव घेत नाही, आमच्या मोहल्ल्यातील गटार तीन पावसाळे तुंबत होते. आम्ही समाजाच्या नावाने निवेदने दिली. ती फायलीत पडून राहिली. पलीकडच्या आळीतील माळी-तेली मंडळींच्या दारातही तेच पाणी शिरते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. मग दोन्ही आळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज गेला, घरपट्टीच्या पावत्या जोडून. मसुदा माझा होता. त्यातले मराठी तिकडच्या एका गुरुजींनी दुरुस्त केले, हेही कबूल करतो. महिन्याभरात खोदाई सुरू झाली.

दहावीच्या मुलामुलींना एक काम देतो. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय मांडले आहे, ते शोधून घरी अब्बा-अम्मींना वाचून दाखवा. मिळाले नाही, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्यांच्या सहीने अर्ज करा. पहिल्या पाच अर्जांचे शुल्क आणि टपालखर्च माझ्याकडे.