उपकाराची फेड



दुसऱ्या महायुद्धातील एक सत्य हकीकत आज आपणांसमोर ठेवावयाची आहे.

पॅसिफिक महासागरात न्यू ब्रिटन नावाचे बेट आहे. आज ते पापुआ न्यू गिनी या देशात मोडते. १९४३ साली तेथे जपानी फौजांचा तळ होता. त्या वर्षी ५ जून रोजी फ्रेड हार्गेशायमर या अमेरिकन वैमानिकाचे टेहळणी विमान जपान्यांनी पाडले. हवाई छत्रीच्या साहाय्याने तो घनदाट अरण्यात उतरला आणि एकतीस दिवस एकटा, मिळेल ते खाऊन भटकत राहिला. अखेर नाकानाई जमातीच्या लोकांना तो सापडला.

त्यांनी त्याला आपल्या गावी नेले, झोपडीत आसरा दिला. जपानी शिपाई आले की ते त्याला लपवीत. हे उघडकीस आले असते तर साऱ्या गावाच्या जिवावर बेतले असते. हिवतापाने तो इतका खंगला की अन्न पोटात ठरेना. तेव्हा एका लेकुरवाळ्या बाईने आपले दूध देऊन त्याला जगविले. सुधारलेले जग ज्यांना मागासलेले म्हणत होते, त्यांचे हे वर्तन! पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये एका अमेरिकन पाणबुडीने त्याची सुटका केली.

लढाई संपली, संसार सुरू झाला. पण हे ऋण त्याच्या मनातून गेले नाही. १९६० साली तो पुन्हा त्या गावी गेला. नुसते आभार मानून त्याचे समाधान होईना. उपकार साऱ्या गावाचे. मग एखाद्याला भेटवस्तू देऊन ते कसे फिटणार? गावातील प्रत्येक घराला पोहोचेल असे देणे एकच होते, ते म्हणजे मुलांचे शिक्षण. मायदेशी परतून त्याने तीन वर्षांत लोकांकडून १५,००० डॉलर जमविले. १९६३ मध्ये तो आपल्या मुलाला घेऊन बेटावर गेला आणि १९६४ मध्ये एवासे येथे शाळा उभी राहिली. पुढे तिला वाचनालय व दवाखान्याची जोड मिळाली.

मित्रहो, पैसे पाठवून तो मोकळा होऊ शकला असता. परंतु शाळेला भिंतींइतकीच शिकविणाऱ्यांची गरज असते, हे त्याने ओळखले. १९७० साली पत्नी डोरोथी हिच्यासह तो त्या बेटावर राहावयास गेला आणि चार वर्षे दोघांनी मुलांना शिकविले. २०१० साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आपणांपैकी प्रत्येकाला कोणीतरी, केव्हातरी हात दिलेला आहे. कोणी फी भरली असेल, कोणी पुस्तके दिली असतील, कोणी दिव्याखाली बसवून गणित समजावले असेल. ती माणसे परतफेड मागत नाहीत. बहुधा ती आज हयातही नसतील. पण त्यांच्या गावची, त्यांच्या वस्तीची मुले आहेत. ज्याला पैसा देणे शक्य असेल त्याने तो द्यावा. ज्याला ते शक्य नसेल त्याने आठवड्यातून एक तास द्यावा. ऋण फेडण्याचा पत्ता आपणांस ठाऊक आहे. तेथवर चालत जावयाचे तेवढे बाकी आहे.