हद्द ओलांडून आलेलं पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'बदलता खार दांडा'. कोळीवाडा, बोंबील वाळत घालायचे मांडव, कार्टर रोडचा समुद्र, यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे इथे बसलेत, आणि आधीच्या वक्त्यांनी त्यातलं बरंचसं सांगूनही टाकलंय. मी आपली सॉफ्टवेअरमधली बाई. म्हणून जरा रुक्ष विषय घेते: शेजारच्या महापालिकांनी एकत्र बसून पुढच्या वीस वर्षांची आखणी करावी की नाही, आणि ती आपल्याकडे का होत नाही.

हे सुचलं ते नोंदणीच्या यादीवरून. पत्ते बघत होते. मीरा रोड, नालासोपारा, विरार, डोंबिवली, ऐरोली, पनवेल. पिन कोड 400052 चे मोजकेच. शाळा दांड्यात झाली, पण घर जिथे हप्ता झेपला तिथे झालं. हे फक्त आपल्या बॅचचं नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे साडेचार लाखांनी वाढली. त्याच दहा वर्षांत एकट्या मीरा-भाईंदरची जवळजवळ तीन लाखांनी. मुंबईला लागणारी घरं मुंबईच्या हद्दीबाहेर बांधली जातात. घरं बाहेर, नोकऱ्या आत, आणि दोन्हींना जोडणारी लोकल तिसऱ्याच खात्याची.

आपल्या महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय नगरपरिषदा आणि शेकडो ग्रामपंचायती. प्रत्येक शहराचा विकास आराखडा वेगळा, त्याचं वेळापत्रक वेगळं, आणि नकाशा हद्दीच्या रेषेवर येऊन थांबतो. रेषेपलीकडे पांढरा कागद. आमच्या धंद्यात दोन गट दोन भाग लिहितात, दोघांच्याही चाचण्या पास होतात, आणि जोडायला गेलं की सगळं कोसळतं. बिघाड बहुतेक वेळा सांध्यात असतो. शहराचंही तसंच आहे, आणि सांध्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

पूर्वी यावर एक सोपा उपाय होता: शेजाऱ्याला पोटात घ्यायचं. मुंबईची हद्द एकेकाळी माहीमला संपायची. खाडीच्या अलीकडे वांद्र्याची स्वतंत्र नगरपालिका होती. 1950 मध्ये हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. तिथे ती थांबली, शहर मात्र थांबलं नाही. मग 1965 साली गाडगीळ समिती नेमली गेली, 1966 चा नगररचना कायदा आला, 1967 मध्ये प्रादेशिक नियोजन मंडळ, 1973 मध्ये पहिली प्रादेशिक योजना मंजूर, आणि 1975 मध्ये एमएमआरडीए. म्हणजे विचार झाला नव्हता असं कोणी म्हणू नये. साठच्या दशकातली ही माणसं आपल्यापेक्षा लांबचं बघत होती, असं माझं मत आहे.

आता पाण्याकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

मुंबईला रोज 3,800 दशलक्ष लिटरहून अधिक पाणी सात जलाशयांतून मिळतं. शहराच्या हद्दीत त्यातले दोनच, विहार आणि तुळशी, आणि त्यांचा वाटा अगदी किरकोळ. तानसाचं पाणी 1892 पासून येतंय. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. एकट्या भातसाचं पाणी जवळजवळ निम्मं. भातसा कुठे आहे? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. तानसाही तिथेच. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर जातो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात हंडे घेतलेल्या बायकांचा फोटो येतो, आपण तो बघतो आणि पान उलटतो. जलवाहिनी ज्या गावाजवळून जाते त्या गावाला त्या वाहिनीबद्दल बोलायची अधिकृत जागाच नाही. मुंबईच्या पाण्याचा हिशेब मुंबईत होतो, शहापूरचा पंचायत समितीत. दोन्ही हिशेब एका कागदावर येत नाहीत.

हे होऊच शकत नाही का? होतं, आणि आपल्या शेजारीच होतं. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून एक पाणीपुरवठा कंपनी आहे, 'स्टेम'. शहाड आणि टेमघर या दोन नावांवरून ते नाव पडलं. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि भागीदारांत वाटायचं. कुरबुरी आहेत, पाणीकपात आहे, थकबाकीचे वाद आहेत. पण जिल्हा परिषद, म्हणजे गावं, तिथे मागणारी नाही, भागीदार आहे. दुसरं उदाहरण सूर्या योजनेचं. एमएमआरडीएच्या या योजनेत 403 दशलक्ष लिटरपैकी 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला, असं आधीच ठरलेलं आहे. नळ सामायिक असला आणि वाटा लिहून ठेवलेला असला की भांडण आकड्यावर येतं. आकड्यावरचं भांडण मिटू शकतं.

पाइपापुरतं जमतं, मग घरं, रस्ते, नदी, किनारा यांचं का जमत नाही? मिठी नदीच बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण झालं. पण सुमारे 18 किलोमीटरच्या नदीचं काम वाटलं गेलं: जवळजवळ 12 किलोमीटर महापालिकेकडे, 6 किलोमीटर एमएमआरडीएकडे. पाण्याला ही वाटणी कोण समजावणार?

किनाऱ्याचं तर दांड्यातल्या कोणालाही विचारा. वरळीपर्यंतचा किनारी रस्ता महापालिकेचा. वरळी-वांद्रे सेतू रस्ते विकास महामंडळाचा. आपल्यासमोरच्या समुद्रातून जाणारा वांद्रे-वर्सोवा सेतू त्यांचाच. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंत पुन्हा महापालिका, आणि उत्तन-विरार एमएमआरडीए. होडी मात्र एकच, आणि ती या सगळ्यांच्या खांबांमधून जाणार. वरळीच्या कोळ्यांनी दोन खांबांत 160 मीटर अंतर मागितलं, आराखड्यात 60 होतं, बरंच झगडून 120 मिळालं. तेही काम सुरू झाल्यावर. हे अंतर नकाशावर पहिली रेघ मारताना विचारायला काय हरकत होती? उद्या पुढच्या टप्प्यातल्या खांबांसाठी मढ आणि उत्तनच्या लोकांनी हेच पहिल्यापासून लढायचं का?

मग अशा गोष्टींसाठी जागा हवी, तर ती राज्यघटनेत आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने कलम 243-झेडई आणलं. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर प्रदेशात महानगर नियोजन समिती हवी, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडलेले हवेत. आणि तिने कशाचा विचार करावा, त्यात पाण्याची वाटणी स्पष्ट लिहिलेली आहे. गावची पंचायत आणि मुंबईचा नगरसेवक एका बैठकीत, हेच त्या कलमाला अभिप्रेत आहे. आपल्याकडे समिती कागदावर आली, पण शहर ती चालवत नाही. शिवाय नगरसेवकच नसतील तर निवडणार कोण? मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. प्रदेशाची 2036 पर्यंतची योजना 2021 मध्ये मंजूर झाली. तुमच्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय?

बाहेर सगळं आलबेल आहे असंही नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या परिसरातल्या दहा कौन्सिलांनी घरांसाठी आणि उद्योगांसाठी एक सामायिक आराखडा करायला घेतला. हिरव्या पट्ट्यावरून वाद झाले, 2020 मध्ये स्टॉकपोर्ट बाहेर पडलं. उरलेल्या नऊ जणांनी काम सोडलं नाही आणि मार्च 2024 मध्ये आराखडा लागू झाला. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. बाहेर पडण्याची मुभा होती, म्हणून आत राहिलेले मनापासून राहिले. आपल्याकडे 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा अनेक गावांनी 'आम्हाला वगळा' म्हणून आंदोलन केलं. गावांना आधी विचारलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी इथल्या वसईकरांवर सोडते.

आता कामाचं बोलते. विकास आराखडा जाहीर झाला की ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतं. त्याचा उपयोग होतो. मुंबईचा 2034 चा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यातल्या चुका लोकांनीच दाखवल्या, हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये सरकारने तो गुंडाळायला लावला. पण आपण हरकत आपल्या गल्लीपुरती घेतो. शेजारच्या महापालिकेचा नकाशा कोणी उघडत नाही.

आपण मात्र उघडू शकतो, कारण आपण नऊपैकी बहुतेक महापालिकांत पसरलोय आणि एकमेकांना नावाने ओळखतो. माझ्या मनात एक साधा तक्ता आहे: कोणाच्या शहराचा आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे, हरकतीची शेवटची तारीख काय, हद्दीवरचा रस्ता आणि नाला दोन्ही नकाशांत जुळतो का. तक्ता मी बनवते, तो माझा हातखंडा आहे. दहिसरची हद्द मीरा रोडवाल्यांनी बघायची, मुलुंडची ठाणेकरांनी. किनारा दांड्यातले बघतील, कोळीवाड्याच्या हद्दीच्या मोजणीसकट. शहापूरला आपल्या शाळेचं कोणी राहत असेल तर मला आधी त्याला भेटायचंय.

नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाताना तिच्यात आपली महापालिका आणि प्रभाग क्रमांक लिहा. प्रभाग माहीत नसेल तर नुसता पत्ता लिहा, क्रमांक मी शोधून काढते.